चहाच्या वेळी माईक बंद

“वाटूरचं केंद्र राजूरला जोडून टाकू. मंग सगळं एकाच जागी बघता येतं,” बशीत चहा ओतता ओतता काका म्हणाले. काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने कर्मचारी.

“बराबर,” सर म्हणाले. सर संस्थेचे प्रमुख. त्यांनी ‘बराबर’ म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो.

“पण वाटूरच्या ताई?” समोर बसलेल्या शिवणकामाच्या मॅडमनी विचारलं.

“येतील की राजूरला.”

“लई लांब पडतं, काका. जालन्यात उतरून दुसरी गाडी धरावी लागंल.”

“मंग न्हाई येणार. पडद्यावरून कोण भांडून राह्यलंय?”

सगळे हसले. टेबलाच्या टोकाला मी लॅपटॉपशेजारी बसले होते. कॅमेरा सुरू होता, माईक बंद. वाटूरचं केंद्र चालवणाऱ्या ताईंना पडद्यावर आम्ही हसताना दिसलो, तशा त्याही हसल्या.

माईक मी बंद केला होता.

आमची संस्था गावोगावच्या बायकांना शिवणकाम शिकवते. मुख्य ऑफिस जालन्यात, केंद्रं राजूर, पिंपळगाव रेणुकाई आणि वाटूरला. पूर्वी महिन्याच्या बैठकीसाठी केंद्रांवरच्या बायकांचा अख्खा दिवस एसटीत जायचा. म्हणून गेल्या वर्षी ठरलं, की ऑफिसातल्यांनी खोलीत बसायचं आणि केंद्रांनी ऑनलाइन यायचं. “इंग्लिश मिडियमची हाय, हिला जमतंय,” असं म्हणून बैठकीची आखणी आणि ठरलेलं लिहून घेणं माझ्याकडे आलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. व्यवस्था करायला मात्र आवडतं, कारण ती नीट केली की आपल्याला बोलावं लागत नाही.

लॅपटॉप मी दोन जाड रजिस्टरांवर ठेवते, म्हणजे पलीकडे छताऐवजी चेहरे दिसतात. पंखा दोनवर, कारण पाचवर माईकमध्ये नुसतं वारं शिरतं. पंधरा मिनिटं आधी प्रत्येक केंद्राला फोन. प्रत्येक विषयावर आधी ऑनलाइनवाल्यांची पाळी, नाहीतर त्या राहूनच जातात. मध्ये दहा मिनिटं चहा, आणि चहाच्या वेळी माईक बंद. हे माझंच डोकं. कपबश्यांचा आणि बिस्किटांच्या कागदाचा आवाज पलीकडे फार मोठा ऐकू जातो, म्हणून. मला तो शिष्टाचार वाटला होता.

पण आमच्या ऑफिसात चहा येईपर्यंत कोणी मनातलं बोलत नाही. विषय वाचले जातात, माना हलतात, विरोध कोणीच करत नाही. चहा करणाऱ्या मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला की खुर्च्या पुढे सरकतात आणि खरी बैठक सुरू होते. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून असंच चालत आलंय. मी ते दर महिन्याला पाहत होते, आणि आखणीत त्या दहा मिनिटांपुढे ‘विश्रांती’ असं लिहीत होते.

मागच्या महिन्यात चहानंतर सरांनी वर्गाची वेळ बदलल्याचं सांगितलं, तेव्हा वाटूरच्या ताईंनी विचारलं होतं, “सर, हे कधी ठरलं?”

“आत्ताच बोललो न, ताई. तुमचं नेट गेल्तं वाटतं.”

नेट गेलं नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी संध्याकाळी ताईंना फोन करून मी म्हणाले, की पुढच्या वेळी जरा मोकळ्या जागेत बसा, रेंज चांगली येते.

म्हणून त्या आज गच्चीवर होत्या. डोक्यावर पदर, उन्हानं डोळे बारीक झालेले, फोन बहुतेक पाण्याच्या टाकीला टेकवलेला. हे माझ्या आत्ता लक्षात आलं, आणि थोडा वेळ मला खोलीतलं काही ऐकूच येईना. काकांचे ओठ हलत होते, एवढंच दिसत होतं. ताईंना दिसत असेल तसं.

ताई माझ्या आईच्या वयाच्या आहेत, तरी मला मॅडम म्हणतात. एकदा फोनवर सहज बोलून गेल्या होत्या, “केंद्र घरापून पाच मिनिटावर हाय म्हणून घरचे करू देऊन राह्यलेत, मॅडम. गाव सोडून जा म्हणलं तर दुसऱ्याच दिवशी बंद.” राजूर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या बाजूला. वाटूरचं केंद्र गेलं की त्यांची नोकरी गेली. खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं.

काका काही दुष्ट नाहीत. ऑफिसात माझा वाढदिवस त्यांच्याच लक्षात राहतो. ते आता दुसरं बिस्किट बुडवत होते. एका बाईचं काम जायला एक कप चहासुद्धा पुरा लागला नव्हता, आणि त्या बाई समोर पडद्यावर चहा संपायची वाट पाहत होत्या.

मावशींनी कप गोळा केले. सरांनी घड्याळ पाहिलं. “चला, चालू करा. ताईला मीच सांगतो ठरलंय म्हणून.”

मी माईक सुरू केला.

“हॅलो, मॅडम, आवाज येऊन राह्यला का?” ताईंनी विचारलं.

दर महिन्याला मी यावर “हो ताई” म्हणते आणि लॅपटॉप सरांकडे वळवते. या वेळी माझे हात त्याच्या कडेवर तसेच राहिले. पहिले दोन शब्द इतके बारीक निघाले, की पुन्हा सुरुवात करावी लागली.

“ताई, आत्ता चहा पिताना इथं वाटूरचं केंद्र बंद करून राजूरला न्यायचं ठरलंय. तेव्हा माईक मी बंद केला होता. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी हे लिहून घेणार नाही. तुम्ही बोला, आम्ही सगळे ऐकतोय.”