दोन तास चाळीस मिनिटं

आमच्या विमान तिकिटांच्या ऑफिसात त्यांना सगळे किलोमीटरकाका म्हणायचे. कुठलेही दोन विमानतळ सांगा, स्क्रीनकडे न बघता काका अंतर आणि वेळ सांगून मोकळे. गिऱ्हाईक थक्क व्हायचं आणि माझा जीव जळायचा. कारण काकांची वेळ म्हणजे निव्वळ हवेतली. घरून निघणं, तपासणीची रांग, सामानाची वाट बघणं, पुढचा रस्ता, हे त्यांच्या लेखी नव्हतंच. चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढायला मग शेजारच्या टेबलावर मी होतेच.

काकांच्या थोरल्या बहिणीचं गाव दोन हजार दहा किलोमीटरवर. दोन तास चाळीस मिनिटं. "केव्हाही उठावं आणि जावं," असं म्हणत काका सहा वर्षं गेले नाहीत. ताई अंथरुणाला खिळल्या, तरी नाहीत.

एका सकाळी नऊ वाजता ऑफिसात भाचीचा फोन आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. काकांनी फोन ताईंच्या कानाला लावायला सांगितला. तोंडातून सवयीनं तेच आलं. "ताई, निघालोच मी. दोन तास चाळीस मिनिटांत तुझ्यापाशी."

तिकीट मीच काढलं. विमान साडेबाराचं, आणि उतरल्यावर ताईंच्या घरापर्यंत गाडीनं तीन तास. एरवी मी काकांना फाडून खाल्लं असतं. पण अशा वेळी कुठे तोंड चालवायचं, म्हणून गप्प बसले. ते तपासणीच्या रांगेत असताना मात्र राहवेना. फोन करून विचारलं, "ताईंना खरी वेळ कळवलीत का?"

"राहू दे गं," काका म्हणाले. "ती काय घड्याळ बघत बसणार आहे?"

काका पोचले पावणेसातला. ताई पाचला गेल्या होत्या.

पुढचं सगळं काकांनीच मला सांगितलं, पंधरा दिवसांनी कामावर आल्यावर, खाली मान घालून. त्या सकाळी नर्स दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरून उभी होती. त्यानं गुंगी येणार होती. ताई म्हणाल्या, आत्ता नको, भाऊ येतोय, झोप लागली तर बोलायचं राहून जाईल. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. उशीचं टोक दातांत धरून त्यांनी कळा सोसल्या, पण नर्सला दंडाला हात लावू दिला नाही. दर वेळी एकच, "निघालाय तो, आता येईलच."

भाचीचा नंबर त्या दिवशी माझ्यासमोर कागदावर लिहिलेला होता. मीच कळवू शकले असते. नाही कळवलं.

भाची रागावली नाही, हेच काकांना सोसवत नव्हतं. पाण्याचा पेला त्यांच्या हातात देत ती एवढंच म्हणाली होती, "मामा, संध्याकाळी येतो म्हणाला असतात, तर आईनं इंजेक्शन घेतलं असतं."