उंबऱ्यावर ओतलेली पिशवी

आमच्या गटाचा एक नियम होता आणि तो मी केलेला होता. रस्त्याकडेला कचऱ्याची पिशवी सापडली की उघडायची, आत कुणाचा पत्ता मिळतो का बघायचा, आणि मिळाला तर पिशवी त्या घरी नेऊन उंबऱ्यावर ओतायची. आधी ओतायचं, मग बोलायचं. आधी बोललं तर लोक दार लावून घेतात.

दर रविवारी सकाळी सहाला आम्ही सात-आठ जण शहराबाहेर, नरसीपुरच्या रस्त्यावर, रिंग रोडच्या पुढे जमायचो. हातमोजे, गोण्या, आणि लोहाराकडून करून घेतलेले हातभर लांबीचे लोखंडी चिमटे. नियमामुळे भांडणं व्हायचीच. एका कोंबडीवाल्याने माझ्यावर सत्तूर उगारला होता. एका मोटारवाल्याने आमच्यातल्या बेकरीवाल्याच्या पायावरून मुद्दाम चाक नेलं, अंगठ्याचं नख मुळासकट गेलं. एका माडीवरून कुंडी आली, ती माझ्या खांद्यावर फुटली. मला याचा त्रास होत नसे. खरं सांगायचं तर आठवडाभर बँकेच्या काउंटरवर गोड बोलून झालं की मी रविवारची वाट त्यासाठीच बघायची.

त्या रविवारी पिशवी मलाच मिळाली. गटारात नव्हे, झुडपात आत खोचलेली. वर भाजीची देठं, खाली कुरियरचं प्लास्टिकचं पाकीट. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोऱ्याने आवळून बांधलेलं काहीतरी. पाकिटावर एका बाईचं नाव आणि शहरातल्या जुन्या वस्तीतला, अग्रहारातला पत्ता. नाव आमच्यातलं, मराठी; गटातले बाकी सगळे कन्नड. कचरा इतका नीट कोण बांधतं, आणि तो टाकायला अग्रहारातून इतक्या लांब कोण येतं, हे माझ्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. मी बेकरीवाल्याला म्हटलं, “चल, आज आपल्याच माणसांना धडा.”

“तुमच्याच माणसांना, मेडम,” तो हसला. “मग जोरात ओता.”

घराचं दार उघडं होतं. रांगोळी ओली होती. मी तिच्यावरच पिशवी उलटी केली आणि ते पाकीट झटकलं. दोरा सुटला. गर्भनिरोधक गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या उंबऱ्यावर आणि पायरीवर पसरल्या. बऱ्याच होत्या, वर्ष-दोन वर्षांच्या.

मी पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं. तिची सासू बाहेर आली, तिच्यामागे नवरा, आणि शेवटी ती, हाताला पीठ लागलेलं. ती पट्ट्यांकडे बघून जागीच थांबली.

सासूने एक पट्टी उचलली, डोळ्यांजवळ धरली. मग ती मराठीत बोलली. आमच्या गटात ते फक्त मला समजत होतं.

“तीन वर्षं मला बेट्टदपुरच्या देवळाचा डोंगर चढवलास गं. गुडघे गेले माझे. नातू दे म्हणून देवापुढे पदर पसरला. आणि तू हे गिळत होतीस?”

नवऱ्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड दाराच्या लोखंडी जाळीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी दात मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती खाली बसली तर त्याने पोटात लाथ घातली, आणि पोटातच घालत राहिला.

मी चिमटा त्याच्या मनगटावर मारला. हाड लागलं. त्याने मला ढकललं, मी पायरीवरून रस्त्यावर पडले, कोपर सोलून निघालं. उठून मी पुन्हा मारलं, या वेळी कानावर. बेकरीवाल्याने मागून त्याची मान आवळली. “साकु, मेडम, साकु,” पुरे करा, असं तो मला ओरडत होता, कारण मी थांबत नव्हते. सासूने माझ्या पाठीत कळशी घातली. समोरच्या घरातले लोक चहाचे पेले घेऊन कट्ट्यावर उभे होते.

ती मात्र रांगोळीतून पट्ट्या गोळा करत होती. ओठातून रक्त गळत होतं आणि ती एकेक पट्टी ओच्यात टाकत होती.

“ते राहू दे,” मी म्हटलं. “माझ्या स्कूटरवर बस.”

“कागद आत आहेत,” ती म्हणाली. तोंड सुजल्यामुळे मला दोनदा ऐकावं लागलं. “पिठाच्या डब्याखाली.”

बेकरीवाल्याने नवऱ्याला दाबून धरलं होतं, तेवढ्यात मी आत गेले. सासू आडवी आली, मी तिला चिमट्याने बाजूला सारलं. वय बघितलं नाही. डबा उचलला. खाली प्लास्टिकच्या पिशवीत दहावीपासूनची प्रमाणपत्रं, आधार कार्ड आणि एका शाळेचं पत्र. मी ते सगळं ब्लाउजमध्ये कोंबलं आणि तिला घेऊन निघाले.

दवाखान्यात तिच्या ओठाला टाके घालायला घेतले. पुढचे दोन दात नव्हते, तिसरा डॉक्टरांनी काढला. मी कागदांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. मला वाटतं, तिने काही चांगलं बोलावं अशी माझी अपेक्षा होती. तिने शाळेचं पत्र आहे ना एवढं बघितलं.

“जूनमध्ये निघणार होते, अक्का,” ती म्हणाली. “तिथे राहायला खोलीही देतात. शिकवायची नोकरी आहे. दात शाबूत ठेवून निघणार होते.”

डॉक्टरांनी तिला बोलू नका म्हणून सांगितलं. तिने पत्र पिशवीत परत सारलं.

थोड्या वेळाने पोलीस शिपाई वही घेऊन आला. कसं झालं म्हणाला. मी सांगायला लागले, “पिशवी मी ओतली.”

“ते कशाला, मेडम. नवऱ्याने मारलं, एवढं पुरे आहे. तुम्ही मध्ये आलात तर त्याचा वकील तुम्हालाच धरेल. तुम्हीही त्याला मारलंय.”

“धरू दे. नवऱ्याचं लिहाच. पण पिशवीपासून लिहा.”

तो तिच्याकडे बघायला लागला. टाके चालू होते. तिने हात वर करून त्याला लिही अशी खूण केली.