गोलवाले सर

माणूस दिसला की आमच्या गणिताच्या सरांना त्याचा गोल काढल्याशिवाय राहवत नसे. खडू नसला तर टपरीच्या बाकावर चहात बोट बुडवून काढत. गोल म्हणजे माणूस, बाण म्हणजे तो कोणाचं ऐकतो. माणसांत मतं कशी पसरतात, याचं गणित ते जळगाव जामोदच्या कॉलेजात बसून मांडत. गाव त्यांना गोलवाले सर म्हणे आणि तेही खुशाल ओ देत.

"आपलं निम्मं मत शेजाऱ्याचं असते, पोरी," ते म्हणत. वर्गात काहींना तूर द्यायचे, काहींना हरभरा. आजूबाजूला जे दाणे जास्त, ते आपण धरायचे. चार-पाच फेऱ्यांत वर्गभर तूर व्हायची, एखाद्या कोपऱ्यात हरभरा अडून बसायचा. त्या कोपऱ्यावर सरांचा फार जीव.

मला पुढचं गणित शिकायला पुण्याला जायचं होतं. घरात एकच सूर, पोरगी एवढ्या लांब नको. मी सरांपुढे रडले. त्यांनी रुमालाऐवजी कागद काढला. "तुये बाबा कोनाचं आयकतात?" काकांचं. आणि काका? पोलीस पाटलांचं. बाण जुळले. सर पाटलांकडे तासभर बसून आले. पाटील हो म्हणाले, काका हो म्हणाले. बाबा म्हणाले, "नाई."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "काऊन चुकलं असन?"

मी भीतभीत म्हटलं, "सर, याच्यात एकबी बाई नाई."

ते इतके हसले की शेजारच्या वर्गातून लोक डोकावले. "हाव ना! निम्मं गावच इसरलो मी!"

उन्हाळ्याचे दिवस होते, गल्लीत पापड चालले होते. सरांनी आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, पोळपाट-लाटणं देऊन तिकडे धाडलं. तिथं आमच्या मोठ्या आत्याचा शब्द चाले. काकूंनी चार दिवस पापड लाटले. पाचव्या दिवशी आत्या बाबांना म्हणाली, "जाऊ दे न रे तिले. मले कोनी जाऊ दिलं असतं तं?"  संध्याकाळी बाबा पुण्याच्या रेल्वेसाठी मलकापूरला जाणाऱ्या गाडीची वेळ विचारून आले.

निघताना स्टँडवर अख्खी गल्ली जमली. बाबा ज्याला त्याला सांगत होते, "माहं तं पयल्यापासूनच मत होतं."

"मत पसरलं का सारेच त्याचे मालक होतात," सर माझ्या कानाशी म्हणाले. मग रुमाल काढला, स्वतःसाठी.

आता मीही तेच गणित करते. नवा कागद गोलांनी भरला की सरांना फोटो पाठवते. उत्तर ठरलेलं असतं: "पापडवाल्या कुठी हायेत?"