सर्व्हरचा पंचनामा

एका मंगळवारी दुपारी पावणेदोन वाजता सिरोंचा रस्त्यावरच्या एका वन तपासणी नाक्यावर आमच्या सर्व्हरचा पंचनामा झाला. सर्व्हर तेव्हा पुण्यात होता. पंच दोन होते: समोरच्या टपरीचा चहावाला आणि सागाच्या ट्रकबरोबर आलेले रफिकभाऊ.

पंचनामा करणाऱ्या वनरक्षक मडावीबाई. रफिकभाऊंचे चंद्रपुरात फर्निचरचे दुकान आहे. डेपोतून घेतलेल्या त्यांच्या सागाच्या परवान्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती. त्याआधी नाक्यावर नोंद झाली नाही, तर लाकूड बेपरवाना ठरते आणि ट्रक जप्त होतो. कागदी नोंदवही महिनाभरापूर्वी वरच्या आदेशाने सील करून कपाटात ठेवली होती. नोंद फक्त आमच्या अ‍ॅपवर.

अ‍ॅपचे काम साधे आहे. परवान्यावरचा चौकोनी कोड फोनने वाचायचा आणि परवाना खरा आहे का, हे सर्व्हरला विचारायचे. पण विचारण्याआधी अ‍ॅप सर्व्हरचीच ओळख तपासते. प्रत्येक सर्व्हरकडे एक प्रमाणपत्र असते. त्याची चौसष्ट अक्षर-आकड्यांची खूण निघते. ती अ‍ॅपमधल्या खुणेशी जुळली, की दोघांमधले बोलणे कुलूपबंद होते. मधल्या कोणाला ते वाचता येत नाही. जुळली नाही तर समोर सर्व्हरच्या नावाने दुसराच कोणी बसलेला असू शकतो. मग पडदा लाल होतो. त्यावर समोरच्याची खूण दिसते आणि खाली दोन बटणे: ‘थांबा’ आणि ‘तरीही पुढे जा’.

दुसरे बटण आम्ही चाचणीसाठी ठेवले होते. काढायचे राहिले. ते कधीही दाबू नका, असे ट्रेनिंगमध्ये मीच सांगितले होते.

त्या सकाळी आम्ही सर्व्हरचे प्रमाणपत्र बदलले. नवी खूण अ‍ॅपमध्ये टाकायची राहिली.

मी चंद्रपूरच्या सपोर्ट ऑफिसात होतो. पुण्याहून आमच्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला.

“बाकी सगळे नाके चालू आहेत. या एकाच बाईंचा काय प्रॉब्लेम आहे?”

मी लॉग पाहिला. पडदा सकाळीच सगळीकडे लाल झाला होता. बाकी सगळ्यांनी ‘तरीही पुढे जा’ दाबले होते.

“सर, प्रॉब्लेम नाही. त्यांनी एकट्यांनीच ट्रेनिंग पाळलंय.”

“मग त्यांना सांग, आज पाळू नका.”

मी नाक्यावर फोन लावला.

“बाई, मी अ‍ॅपवाला बोलून राह्यलो. ट्रेनिंगले आलो होतो. ते दुसरं बटण दाबून टाका.”

“नाव?”

मी सांगितले.

“नंबर हाच?”

“हो.”

“ट्रेनिंगमधी तुम्हीच सांगतलं होतं, कोनी फोन करून बटण दाबाले लावलं तं तोच चोर समजाचा. पंचनाम्यात घेतलं तुमचं नाव.”

मागून रफिकभाऊ बोलले. “बाई, लाकूड माझं, शिक्का बरोबर, परवाना बरोबर. चोर त्याईचा सर्व्हर. मंग गाडी माझी काऊन थांबली?”

“तुम्ही पंच आहा, रफिकभाऊ. पंचानं मधात बोलाचं नाई.”

काय केले म्हणजे चालेल, असे मी विचारले. बाईंनी लाकडाचा नियम सांगितला. डेपोतल्या प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याने शिक्का ठोकलेला असतो. हातोडा बदलला, की नव्या शिक्क्याची छाप सहीनिशी आधी नाक्यावर पोचते. माल नंतर.

“तुमचा हातोडा बदलला म्हनता. छाप कुठी हाय?”

“व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.”

“ज्या रस्त्यानं चोर आला, त्याच रस्त्यानं त्याची ओळख आनता का?”

साडेतीन वाजले होते. चंद्रपूरहून नाका गाडीने पाच तास. उरली वन खात्याची वायरलेस. खूण कागदावर छापून मी वायरलेस खोलीत गेलो. तिथले ऑपरेटर देशमुखभाऊ यांचा आवाज मडावीबाई रोज ऐकत होत्या. कागदावर अधिकाऱ्याची सही आणा, मगच वाचतो, असे ते म्हणाले. अधिकारी मीटिंगमध्ये होते. सही मिळायला पाच वाजले.

खुणेत आकड्यांबरोबर ए ते एफ ही अक्षरे असतात. वायरलेसवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात, म्हणून देशमुखभाऊंनी झाडे ठरवली. ए आवळा, बी बांबू, सी चिंच, डी धावडा, ई एरंड, एफ फणस.

“सात, आवळा, शून्य, फणस. धावडा, धावडा, तीन, चिंच. ओव्हर.”

दर आठ अक्षरांनी बाई थांबवून पडद्याशी ताडून पाहत. मध्येच राजुऱ्याकडचा एक नाका चॅनलवर आला.

“धावडा किती घनमीटर? आरोपी सापडला का? ओव्हर.”

“लाकूड नाई, सर्व्हर हाय. चॅनल सोडा. ओव्हर,” बाई म्हणाल्या.

“ट्रक कोनाचा? ओव्हर.”

देशमुखभाऊ पुढची अक्षरे वाचू लागले.

एकेचाळिसाव्या जागी बाईंनी मधेच थांबवले. वायरलेसवर बांबू, पडद्यावर धावडा. कागदावरही धावडाच होता. देशमुखभाऊंची नजर एक ओळ खाली गेली होती.

“तिथूनच पुढे वाचू का? ओव्हर.”

“पयल्यापासून. ओव्हर.”

पाच वाजून बावन्न मिनिटांनी चौसष्टावे अक्षर जुळले. बाईंनी ‘तरीही पुढे जा’ दाबले. पाच पंचावन्नला नोंद झाली आणि फाटक उघडले. पंच म्हणून रफिकभाऊंची एक सही राहिली होती. त्यांनी ट्रक आधी फाटकापलीकडे नेला, मग चालत परत येऊन सही केली.

पुढच्या आवृत्तीत आम्ही दुसरे बटण काढले. प्रमाणपत्र बदलायचे असेल, तर नवी खूण आता आदल्या दिवशी सगळ्या नाक्यांना वायरलेसवर वाचून दाखवली जाते. खात्यात तिला झाडांची यादी म्हणतात.

पंचनामा रद्द करण्याची तरतूद नाही, असे आम्हाला कळवण्यात आले. मागच्या महिन्यात माझ्या नावाने पत्र आले. जबाबासाठी मुद्देमालासह नाक्यावर हजर राहावे, असे त्यात आहे. मुद्देमालाच्या रकान्यात ‘सर्व्हर, नग एक’ असे लिहिले आहे.