न मागितलेल्या परवान्याच्या सात प्रती

माझे मामा दाराची कडी वाजवायचे तेव्हा शेजारच्या घरातली माणसं उठून आपलं दार उघडायची. त्यात मामांचा काही दोष नव्हता. परवाना कचेरीच्या जिन्याखाली बसून तीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर अर्ज बडवले होते, आणि कचेरीला प्रत्येक अर्जाच्या सात प्रती लागायच्या. मध्ये सहा कार्बन घालून सातव्या कागदावर अक्षर उमटवायचं तर बोटात लोहाराचा जोर हवा. तो जोर मग सगळीकडेच लागायचा. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला त्यांनी ताटाशेजारी बोट आपटलं की वाटी उडायची, आणि मामी म्हणायची, "अहो, मला पहिल्याच प्रतीत कळतं."

त्या काळात साधा खिळ्यांचा कारखाना काढायचा तरी परवाना लागे. यंत्र वाढवायला परवाना, खिळा अर्धा इंच लांब करायला परवाना. लोक जोडे झिजवत यायचे आणि शेवटी मामांपुढे बसायचे. कुठल्या साहेबाला समास दोन बोटं लागतो, 'विनंती'च्या आधी 'नम्र' नसलं की कोणाचं डोकं फिरतं, हे मामांना तोंडपाठ. अर्ज आत गेला की वर्ष-दीड वर्षाची निश्चिंती. एका माणसानं सायकलच्या घंट्या करायचा परवाना मागितला होता. परवाना हातात पडला तेव्हा त्याचा नातू मोटार चालवत होता. मामा म्हणायचे, "उशीर होतो, पण माझा अर्ज परत येत नाही."

मग सरकारी तिजोरीचा तळ दिसायला लागला आणि सरकारला शहाणपण सुचलं. परदेशातून कर्ज हवं होतं; देणाऱ्यांनी आधी घर आवरायला सांगितलं असावं. एका सकाळी जाहीर झालं, की लहान कारखान्यांना यापुढे परवाना लागणार नाही. वर्तमानपत्रं आनंदानं नाचली. जिन्याखाली स्मशानशांतता पसरली. मामा तरीही रोज जाऊन टाइपरायटरवरची धूळ पुसायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे. मी तेव्हा मामांकडेच शिकायला होते, त्यामुळे सुधारणा म्हणजे काय ते मला रोज सकाळी कळायचं. दुधात पाणी वाढत चाललं होतं.

घराला आता एकच आशा होती, ती म्हणजे ताई, मामांची मुलगी. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सहा शिलाई यंत्रं घेऊन शाळेची दप्तरं शिवायची, असं तिनं ठरवलं. गाळा बघितला, एका शाळेकडून दोनशे दप्तरांची मागणी मिळवली आणि बँकेत कर्जासाठी अर्ज केला. तो तिनं हातानं लिहिला, एकाच प्रतीत. मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

बँकेतल्या साहेबांनी कागद उलटेसुलटे करून पाहिले. "सगळं ठीक आहे. परवाना कुठाय?"

"आता लागत नाही," ताई म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे, बाई. पण लागत नाही याचा कागद आणा. उद्या तपासणीला कोणी आलं तर मी काय दाखवू, मोकळी फाइल?"

ताई परवाना कचेरीत गेली. खिडकीवाल्यांनी आळोखेपिळोखे देत ऐकून घेतलं. म्हणाले, "लागत असता तर दिला असता. लागत नाही, असं लिहून द्यायचा अधिकार मला नाही."

"मग कोणाला आहे?"

"ते पद अजून भरलेलं नाही."

शाळेला दप्तरं दोन महिन्यांत हवी होती. ताई जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर, मामांच्या अगदी शेजारी, बसून रडली. मला त्या बँकवाल्याचा राग आला, खिडकीवाल्याचा आला, आणि खरं सांगायचं तर मामांचाही आला. तीस वर्षं याच लोकांचे समास सांभाळले होते ना!

मामांनी चष्मा पुसला, सहा कार्बन झटकले. "कचेरी काय देत नाही ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण काय दिल्याशिवाय तिची सुटका नाही?"

ताईनं नाक पुसलं. "काय?"

"पोच. आत आलेल्या कागदावर शिक्का आणि नंबर मारावाच लागतो. वेड्यानं दिला तरी."

आणि ते बडवायला लागले. 'महोदय, दप्तरे शिवण्याच्या कारखान्यास परवाना लागत नसल्यामुळे मी तो मागत नाही. माझ्या न मागण्यास आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही नम्र विनंती. न कळवल्यास हरकत नाही असे समजेन.' खाली ताईची सही.

खिडकीवाल्यांनी तो तीनदा वाचला. असला अर्ज नाकारायचा कसा, याचा नियम त्यांना सापडेना. शेवटी शिक्का मारला, नंबर टाकला आणि सातवी प्रत उजेडात धरून म्हणाले, "उमटलंय मात्र छान."

शिक्का पाहून बँकेतल्या साहेबांच्या जिवात जीव आला. "पंधरा दिवस जाऊ देत. हरकत आली नाही, की पैसे घेऊन जा."

तीस वर्षं मामांनी उत्तर यावं म्हणून वाट पाहिली होती. आता येऊ नये म्हणून पाहायची होती, आणि ते काही त्यांना जमेना. पोस्टमन गल्लीत दिसला की मामा दार लावून घेत. विजेचं बिल तीन दिवस उंबऱ्याबाहेर पडून राहिलं. हरकतच असेल म्हणून कोणी हात लावेना.

"कचेरी इतक्या लवकर कधी काही करते का?" मामी समजूत घालायची.

"नाही करत," मामा म्हणायचे. "पण माझ्या नशिबानं नेमकी आत्ताच सुधारली तर?"

सुधारली नाही. सोळाव्या दिवशी बँकेनं पैसे दिले, त्याच आठवड्यात यंत्रं आली, आणि दोनशे दप्तरं वेळेच्या चार दिवस आधी शाळेत पोचली. इकडे न मागण्याचे अर्ज करून घ्यायला मामांपुढे रांग लागली. पण नको तिथं कागद मागू नका, अशी बँकांना वरून तंबी आली आणि महिन्याभरात तीही रांग आटली. या खेपेला मामांनी धूळ पुसली नाही. टाइपरायटर उचलला आणि घरी आणला.

चार-पाच दिवसांनी मी गाळ्यात धागे कापत बसले होते. दारात मामा उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायाशी टाइपरायटर. आत यायचं सोडून त्यांनी चौकटीवर बोट वाजवलं आणि सहाही यंत्रं थांबली. मग खिशातून घडी केलेले कागद काढून त्यांनी ताईपुढे ठेवले. पावत्या आणि पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी नेमणूक मिळावी, असा अर्ज होता. सात प्रतींत. समास दोन बोटं.

ताई हसेल असं मला वाटलं. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि तिचे डोळे भरून आले. कापडावर खुणा करायचा निळा खडू तिनं उचलला, आणि वरच्या प्रतीवर मोठ्या अक्षरांत आडवं लिहिलं, 'मंजूर'.

मामा त्या शब्दाकडे बघतच राहिले. हजारो अर्ज केले होते. दिला त्याच दिवशी मंजूर झालेला हा पहिला. मग घसा खाकरून म्हणाले, "खाली तारीख घाल."