पाय हरवलेला गृहस्थ

सकाळी खिडकी उघडण्याआधी ताई मांडणीतल्या एकेका वस्तूवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आज येईल हं तुझं माणूस." बसस्थानकातल्या 'हरवले-सापडले'च्या खोलीत अकरा वर्षं हीच रीत. छत्र्या, डबे, चष्मे, एक कवळीसुद्धा. शेजारच्या टेबलावरचे भाऊ हसायचे.

"ताई, घरी तरी बोलता का कुणाशी?"

"घरचे कुठे हरवतात? हरवले की बोलेन."

नव्वद दिवसांत कुणी नेल्या नाहीत तर वस्तू भंगारात जायच्या. आज तो दिवस होता, पाचला भंगाराची गाडी येणार होती. ढिगाऱ्यात वरच एक बूट होता. एकच, डाव्या पायाचा, चार बोटं जाड तळव्याचा, आखूड पायासाठी मुद्दाम बनवलेला. जगात तो एकाच माणसाला बसणार होता, आणि ताईंच्याने तो टाकवेना.

त्यांनी चौकशीची वही पुन्हा काढली. 'बूट' हा शब्द तीनदा शोधून झाला होता. या खेपेला त्या ओळ न् ओळ वाचत गेल्या आणि एका जागी त्यांचं बोट थबकलं. त्या रजेवर होत्या त्या आठवड्यातली नोंद, भाऊंच्या अक्षरात: 'एक गृहस्थ. पाय हरवला म्हणतात. चेष्टा.'

"भाऊ, हा माणूस आला कसा होता?"

"दोन पायांवर चालत. म्हणून तर पिटाळला."

"लंगडत होता?"

भाऊंनी आठवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

ओळीच्या शेवटी फोन नंबर होता, पण शेवटच्या आकड्यावर चहा सांडलेला. घड्याळात साडेतीन.

"दहाच तर आकडे आहेत," म्हणत ताईंनी शून्यापासून सुरुवात केली. "नमस्कार, तुमचा पाय हरवलाय का?"

पहिल्याने फोन आपटला. दुसऱ्याने ताईंच्याच तब्येतीची चौकशी केली. चौथ्या नंबरवरच्या बाई म्हणाल्या, "पाय नाही, नवरा हरवलाय. सापडला तर ठेवून घ्या." पुढच्या दोघांनी उचललाच नाही. भाऊ आता ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे होते. सातवा झाला, आठवाही झाला. नवव्याला पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

"सापडला?" एक म्हातारा आवाज म्हणाला.

पाचाला दहा कमी असताना ते आले. पांढऱ्या केसांचे शिंपी, डाव्या चपलेखाली लाकडाची फळी बांधलेली. गळ्यातली टेप एका बाजूला घसरली होती.

"शिवून आणताना बसमध्येच राहिला. बनवणारा कारागीर वारला हो, दुसरा कुठून आणू? कापायला टेबलाशी उभं राहवत नाही. उद्यापासून दुकान बंदच करणार होतो."

बाकावर बसून त्यांनी बूट चढवला, नाडी बांधली आणि उभे राहिले. दोन्ही खांदे एका रेषेत. टेपची दोन्ही टोकं छातीवर सारखी आली.

"मास्तर, चुकलं माझं," भाऊ म्हणाले.

"अहो, मी याला पायच म्हणतो. कुणालाही चेष्टाच वाटणार."

गाडी आली, तिच्यात बूट सोडून ढिगाऱ्यातलं बाकी सगळं गेलं. मास्तर फाटकापर्यंत गेले, परत खिडकीपर्यंत आले, पुन्हा गेले. नुसतेच, चालून बघायला.

दुसऱ्या दिवशी ताई पोचल्या तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आत भाऊ एका मोडक्या छत्रीला हळूच सांगत होते, "आज तुझं नक्की."

ताई दोन मिनिटं बाहेरच थांबल्या.