नवी दिग्दर्शिका, वय एकसष्ट

माझी धाकटी बहीण तंजावूरच्या एका कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. पुढची दोन वर्षं तिनं मला आणि माझ्या बायकोला शिस्त लावण्यात घालवली. मग एका सकाळी कॉफी पिता पिता म्हणाली, "अण्णा, मी सिनेमा करणारेय."

मी नीट ऐकलं नव्हतं. म्हणालो, "रविवारी जाऊ. पुढच्या रांगेतली तिकिटं मात्र काढू नकोस, मान दुखते."

पण गोष्ट लिहून तयार होती. आमच्या घरच्या मराठीत, तमिळ हेलाच्या, आणि लिपीही तमिळ. देवनागरी तिला वाचता येत नाही. मी नोकरीची काही वर्षं पुण्यात काढली म्हणून मला येते, आणि त्याचा तोरा मी मिरवतो असं तिचं म्हणणं आहे. तिची एक जुनी विद्यार्थिनी लग्नांचे व्हिडिओ काढायची. ती कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

गोष्ट साधी होती. मुलगी शिकायला परगावी निघते. वडिलांना ते पसंत नाही. ते आरामखुर्चीत गप्प बसून राहतात. वडील मी.

"मीच का?"

"तुला अभिनय येत नाही म्हणून. नुसतं बसायचंय."

ते बसणंही सोपं नव्हतं. "अण्णा, बसल्यासारखं करू नकोस. बस!" असं तिनं इतक्यांदा ऐकवलं, की सत्तर वर्षं मी चुकीचाच बसत आलो अशी माझी खात्री झाली.

वाक्य एकच होतं. मुलगी पिशवी उचलते तेव्हा म्हणायचं, "जेवून जा, बाळ."

ते कागदावर वाचलं तेव्हाच मला कळलं. बहीण शिकायला मद्रासला निघाली, त्या दिवशी आमचे वडील असेच बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. मी दारात उभा होतो. मीही बोललो नाही.

चित्रीकरणात त्या मुलीनं पिशवी उचलली, मी तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. नऊ वेळा तेच. दहाव्यांदा बहिणीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. "वाक्य काढून टाका," म्हणाली. त्यानंतर दुपारभर ती मला रागावली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

वर्षभरानं फोन आला. नव्या दिग्दर्शकाच्या उत्कृष्ट पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार. पलीकडचा तरुण विचारत होता, "अम्मा, डायरेक्टरना देता का फोन? तुमची मुलगी ना?"

"डायरेक्टरच बोलतेय," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं."

चेन्नईच्या समारंभात परीक्षकांनी त्या प्रसंगाचं फार कौतुक केलं. वडिलांना एकही वाक्य दिलं नाही, पहिल्याच चित्रपटात एवढा संयम दुर्मीळ, वगैरे. मी ताठ बसून ऐकत होतो. बहीण माईकपाशी गेली.

"संयम कसला? वाक्य होतं. आमच्या अण्णाला बोलता आलं नाही."

सभागृह हसलं. तिनं माईक जवळ ओढला.

"तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की आमच्या वडिलांनाही कदाचित बोलायचं असेल. जमलं नसेल."

यावर कुणी हसलं नाही. मी चष्मा काढून पुसला. बायकोनं विचारलं, तर सर्दी झालीय म्हणालो.

परतीच्या गाडीत पापनाशम मागे पडलं, तंजावूर जवळ आलं, तरी दिग्दर्शिका तोंड उघडं टाकून झोपलेली. टॉवेलात गुंडाळलेली पुरस्काराची मूर्ती माझ्या मांडीवर. समोरच्या गृहस्थांना राहवेना.

"काय आहे त्यात?"

"बहिणीचं बक्षीस. नवी दिग्दर्शिका आहे ती."

त्यांनी तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तुम्ही?"

"मी हिरो," मी म्हणालो.